चौकटीत मावणाऱ्या राण्या : मराठी सचित्र बालचरित्रांचा विचार

१

ऐतिहासिक राण्यांची मुलांना ओळख करून देणारी सचित्र पुस्तके हा मराठीत सातत्याने छापला जाणारा आणि जवळजवळ अजिबात न तपासला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. बालसाहित्याच्या समीक्षेत त्यांचा उल्लेख झालाच तर तो भाषा सोपी आहे का, चित्रे आकर्षक आहेत का आणि पुस्तकातून चांगले संस्कार होतात का, या तीन प्रश्नांपुरता होतो. इतिहासलेखनाच्या चर्चेत तर त्यांना स्थानच नसते. मुलांसाठी लिहिलेला इतिहास हा मोठ्यांच्या इतिहासाचा संक्षेप, तेव्हा मूळ तपासले की संक्षेपाचे काम झाले, असे त्यामागे गृहीत असते. हे गृहीत टिकणारे नाही. बहुसंख्य मराठी भाषकांच्या मनातील झाशीची राणी किंवा अहिल्याबाई ही आठव्या-नवव्या वर्षी पाहिलेल्या चित्रांतून घडलेली असते. पुढे वाचलेले साधार चरित्र त्या चित्राला क्वचितच हलवू शकते. म्हणजे कालक्रमाने आधी येणारी संहिता हीच, अभ्यासक ज्याला दुय्यम म्हणतात ती, असते आणि तिचा प्रभाव मूळ साधनांहून अधिक खोल असतो.

या प्रकाराचे वैशिष्ट्य असे की, त्यात दोन संकेतव्यवस्था एकाच वेळी काम करतात. शब्द काळात पुढे सरकतात; चित्र एका क्षणाला थांबते. लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकून’ या ग्रंथात काव्य आणि चित्र यांच्यातील हा भेद मांडला आणि चित्रकाराला एकच क्षण मिळत असल्यामुळे तो क्षण अत्यंत सूचक असला पाहिजे, असे प्रतिपादन केले. बालचरित्रात या नियमाचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो. चित्रासाठी निवडलेला क्षण हळूहळू संपूर्ण आयुष्याचा निकष बनतो. ज्या राणीच्या आयुष्यात असा क्षण सहज सापडतो तिचे पुस्तक निघते. जिच्या कर्तृत्वाला दृश्य क्षण नाही तिच्यासाठी तो शोधला जातो, प्रसंगी दंतकथेतून उसना आणला जातो. आणि जिचे दीर्घ आयुष्य त्या क्षणाशी विसंगत ठरते तिचे आयुष्य त्या क्षणाशीच तोडले जाते. लक्ष्मीबाई, अहिल्याबाई आणि ताराबाई ही या तीन शक्यतांची अनुक्रमे उदाहरणे होत. त्यांच्या आधारे या प्रकाराची घडण तपासणे हा येथील हेतू आहे.

२

राणीचे चित्र मराठी मुलाच्या हाती प्रथम पुस्तकातून आले नाही, नाण्यावरून आले. १८४० पासून कंपनीच्या रुपयावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहू-वाचू लागलेल्या पिढीपुढे ‘राणी’ या शब्दाचा दृश्य अर्थ आधीच ठरलेला होता. ती बाजूने दिसणारी, स्थिर आणि दूरस्थ होती. देशी राण्यांच्या प्रतिमा या पार्श्वभूमीवर घडू लागल्या. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना सुरू झाला आणि देवदेवतांच्या जोडीने पेशवाईतील पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर पोचली. १८९४ मध्ये रवि वर्मा यांचा शिळाछाप छापखाना मुंबईत उभा राहिला. पौराणिक नायिकेचा गोल, गोरा, नाटकी प्रकाशात उजळलेला चेहरा त्या छापखान्याने सर्वपरिचित केला आणि पुढच्या काळातील ऐतिहासिक स्त्रीच्या चित्राला तोच चेहरा साचा म्हणून मिळाला.

शब्दांच्या बाजूने पाहिले तर विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मासिक १८८१ मध्ये निघाले आणि छोटेखानी चरित्र हा मुलांच्या वाचनाचा मान्य भाग झाला. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ सुरू केले. याच दरम्यान प्रौढांसाठी दोन महत्त्वाची पुस्तके प्रसिद्ध झाली. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे लक्ष्मीबाईंचे चरित्र १८९४ मध्ये आले, तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी संपादित करून छापला. वैद्यांनी मूळ हस्तलिखितात बरेच फेरफार केले होते, ही गोष्ट १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता प्रसिद्ध केल्यावर सर्वांसमोर आली. या घटनेचे महत्त्व येथे वेगळ्या कारणासाठी आहे. १९०७ ते १९६६ या एकोणसाठ वर्षांत ज्यांनी मुलांसाठी राणीची कथा सांगितली, त्यांच्यापुढे असलेले प्रत्यक्षदर्शी साधनही आधीच ‘वाचनीय’ केलेले होते. संक्षेप होण्यापूर्वीच संस्करण झाले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात या परंपरेला पाठ्यपुस्तकांचे आणि नंतर चित्रकथांचे बळ मिळाले. १९६७ मध्ये बालभारती ही संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी मुंबईत अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ ही मालिका सुरू झाली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघालेल्या या मालिकेने चित्राला पानाच्या कोपऱ्यातून काढून पानाचा मालक केले. तोवर चरित्रात चार-सहा चित्रे असत. आता प्रत्येक वाक्याला चित्र आले. जे चित्रित करता येत नाही ते सांगता येत नाही, अशी अट त्यामुळे आपोआप निर्माण झाली. या मालिकेचा अभ्यास फ्रान्सिस प्रिचेट यांनी १९९५ मध्ये, नंदिनी चंद्र यांनी २००८ मध्ये आणि कार्लाइन मॅक्लेन यांनी २००९ मध्ये केला आहे. राष्ट्र, धर्म आणि लिंगभाव यांची जी घडण या पुस्तकांतून होते तिची चिकित्सा त्यातून झाली. मात्र त्या चित्रकथांच्या मागे असलेली चरित्रलेखनाची मराठी परंपरा या विवेचनाच्या कक्षेत फारशी येत नाही आणि मराठी समीक्षेनेही ती उणीव भरून काढलेली नाही.

३

लक्ष्मीबाईंचे चित्र म्हणजे घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल. १९५७ च्या शताब्दीनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटावरही राणी अश्वारूढच आहे. या प्रतिमेची शक्ती उघड आहे. वीरत्व आणि मातृत्व या परस्परविरोधी मानल्या गेलेल्या दोन भूमिका ती एका आकृतीत बसवते आणि त्यांतील ताण नाहीसा करते. स्त्रीने शस्त्र धरले तरी तिचे आईपण अबाधित राहिले, हे आश्वासन त्या चित्रातील मूल देत असते.

पण या चित्राची फोड केली तर त्यात दोन वेगळे प्रसंग एकत्र आलेले दिसतात. मुलासह बाहेर पडण्याचा प्रसंग एप्रिल १८५८ च्या प्रारंभी, ह्यू रोजच्या सैन्याने झाशी घेतल्यावर किल्ला सोडण्याचा आहे. तलवार उगारून लढताना मृत्यू येण्याचा प्रसंग त्याच वर्षीच्या जून महिन्यात ग्वाल्हेरजवळचा आहे. मधल्या अडीच महिन्यांत काल्पी आहे, तात्या टोपे आणि रावसाहेब यांच्याशी झालेल्या मसलती आहेत, पराभव आहे आणि ग्वाल्हेरचा ताबा आहे. एकत्रित चित्रात हे सर्व वगळले जाते. शिवाय १८५३ मध्ये दत्तक घेतेवेळी सुमारे पाच वर्षांचा असलेला दामोदरराव १८५८ मध्ये आठ-नऊ वर्षांचा असणार. चित्रात तो बहुधा तान्हा किंवा दोन-तीन वर्षांचा दिसतो. त्याचे वय घटवण्यामागे चित्रकाराचे अज्ञान असेलच असे नाही. पाठीशी बसलेला मोठा मुलगा हा एक स्वार ठरतो, बाळ हे मात्र मातृत्वाचे चिन्ह ठरते. चिन्हाची गरज वस्तुस्थितीवर मात करते ती अशी.

राणीच्या तोंडी असलेल्या प्रसिद्ध उद्गाराची कथा अधिक बोधप्रद आहे. आपण झाशी देणार नाही, या आशयाचे ते वाक्य बालपुस्तकांत सहसा भर दरबारात, इंग्रज अधिकाऱ्यापुढे, उभ्या राणीच्या मुखातून येते. त्याचा आधार मात्र जॉन लँग या वकिलाच्या १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात आहे. संस्थान खालसा करण्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी राणीने १८५४ मध्ये या वकिलाला बोलावून घेतले होते. दोघांमध्ये पडदा होता, वेळ रात्रीची होती आणि विषय अर्ज, तनखा व अपील यांचा होता. वकिलाने तूर्त तनखा स्वीकारून दाद मागत राहण्याचा सल्ला दिला, त्यावरचे ते उत्तर होते. म्हणजे हा उद्गार कायद्याच्या लढाईतील आहे. त्याला रणगर्जनेचे रूप नंतर मिळाले. रोलाँ बार्थ यांनी चित्राखालील मजकूर चित्राच्या अनेक अर्थांपैकी एकच अर्थ पक्का करतो, असे म्हटले आहे. येथे उलट प्रक्रियाही घडते. उभ्या राणीचे चित्र त्या वाक्याचा अर्थ पक्का करते आणि वाक्यातील वकील, पडदा व दत्तकविधानाचा कायदेशीर प्रश्न हे सर्व बाद होते.

या वगळण्यामुळे मुलाचे नुकसान काय होते? पहिले म्हणजे, १८५३ ते १८५७ या चार वर्षांत राणीने खलित्यामागून खलिते पाठवून चालवलेला वाद त्याला कळत नाही आणि परिणामी तिने शस्त्र हाती घेतले ही कृती स्वभावधर्म वाटते, निर्णय वाटत नाही. दुसरे म्हणजे, जून १८५७ ते मार्च १८५८ या काळात तिने झाशीचा कारभार पाहिला, ओरछाच्या फौजेचा हल्ला परतवला, हे राज्यकर्ती म्हणून असलेले कर्तृत्व युद्धापुढे झाकोळते. तिसरे म्हणजे, ८ जून १८५७ रोजी झोकनबागेत इंग्रज पुरुषांबरोबर स्त्रिया आणि मुले मारली गेली, या घटनेचा आणि तीत राणीचा हात होता की नव्हता या इतिहासकारांतील वादाचा त्याला पत्ता लागत नाही. विष्णुभटांनी पाहिलेली झाशीही या पुस्तकांत येत नाही. किल्ला पडल्यावर शहरात झालेली कत्तल, जाळपोळ आणि लपून बसलेल्या सामान्य माणसांची भीती हा त्यांच्या निवेदनाचा मोठा भाग आहे. मराठी बालवाचकाला हा साक्षीदार आपल्या भाषेत बोलणारा, घाबरणारा आणि प्रामाणिक असा मिळाला असता. त्याच्याऐवजी त्याला सर्वज्ञ निवेदक मिळतो.

४

अहिल्याबाईंच्या बाबतीत चित्रकारापुढील अडचण वेगळी आहे. १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ रोजी मृत्यू येईपर्यंत अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्यकारभार केला. त्या कारभाराचे सार न्यायनिवाडा, वसूल, पत्रव्यवहार आणि हिशेब यांत आहे. होळकरांच्या दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा ठेवून, देशभरातील मंदिरे, घाट व धर्मशाळांचा खर्च त्यांनी खासगीतून केला, ही गोष्ट त्यांच्या राजकीय नीतीचा गाभा आहे. ती चित्रात कशी दाखवायची? चौकटीत वही दिसते, वहीतील भेद दिसत नाही.

या अडचणीतून तीन मार्ग काढले गेले. पहिला मार्ग प्रतीकाचा. पांढरे वस्त्र, डोक्यावरून घेतलेला पदर आणि हातावर शिवपिंड ही आकृती इतकी रूढ झाली की, तीवाचून अहिल्याबाई ओळखता येत नाहीत. तिच्यामुळे राज्यकर्तीचे रूपांतर साध्वीत होते आणि तिची सत्ता तिच्या वैराग्यातून उगम पावलेली दिसते. चेहराही साच्यातला असतो. सर जॉन माल्कम यांनी माळव्यात प्रत्यक्ष चौकशी करून १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अहिल्याबाईंचे वर्णन मध्यम उंचीची, अतिशय कृश, सावळ्या वर्णाची आणि रूढ अर्थाने सुंदर नसलेली स्त्री असे केले आहे. त्या पडदा पाळत नसत आणि रोज दरबारात बसत, हेही नोंदविले आहे. चित्रातील अहिल्याबाई मात्र बहुधा गोऱ्या आणि भरल्या चेहऱ्याच्या असतात. सावळी, कृश, कामात बुडालेली बाई मोठी राज्यकर्ती होती हे कळणे आठ वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने किती मोलाचे ठरले असते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

दुसरा मार्ग युद्धसदृश प्रसंगाचा. मालेरावांच्या मृत्यूनंतर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या चिथावणीने राघोबादादा फौज घेऊन आले, तेव्हा अहिल्याबाईंनी स्त्रियांची पलटण उभी केल्याची आणि बायकांकडून हार खाल्ल्यास तुमचेच हसे होईल असे कळविल्याची कथा प्रत्येक पुस्तकात असते. ती चित्राला सोयीची आहे. पण तिच्या झगमगाटात खरे राजकारण दिसेनासे होते. अहिल्याबाईंनी इतर सरदारांकडे पत्रे पाठवून पाठिंबा मिळवला, पुण्याहून माधवराव पेशव्यांची संमती मिळवली आणि फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे सोपवून कारभार आपल्याकडे ठेवला. येथे विजय पत्रांनी मिळवला.

तिसरा मार्ग दंतकथेचा. रथाखाली वासरू चिरडणाऱ्या स्वतःच्या मुलाला अहिल्याबाईंनी तशीच शिक्षा फर्मावली आणि गाय रथापुढे आडवी आली, ही कथा बालपुस्तकांत न्यायप्रियतेचा पुरावा म्हणून येते. तमिळ परंपरेत हीच कथा तिरुवारूरच्या मनुनीती चोळ राजाची म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे हे न्यायी राजाविषयीचे एक फिरते कथाबीज आहे. मालेराव १७६७ मध्ये आजारपणात, बुद्धिभ्रंशाच्या अवस्थेत मरण पावले आणि आईवर त्यांच्या मृत्यूचा जो प्रवाद आला त्याचा माल्कम यांनीच परामर्श घेऊन तो फेटाळला. दंतकथा सांगण्यात गैर काही नाही. ती इतिहास म्हणून सांगितल्याने मात्र विचित्र परिणाम होतो. शत्रूंनी पसरवलेल्या आरोपाची छाया आणि भक्तांनी सांगितलेली स्तुतिकथा यांत आई मुलाच्या मृत्यूला कारण होते हा समान धागा राहतो, आणि वेड्या मुलाजवळ बसलेली असहाय आई दोन्हींतून निसटते.

त्याहून सूचक मौन मुक्ताबाईंविषयी आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हा मल्हाररावांनी अहिल्याबाईंना सती जाण्यापासून परावृत्त केले, हा प्रसंग सर्व पुस्तके सांगतात. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे यांच्या मृत्यूनंतर कन्या मुक्ताबाई सती गेल्या, हे फार थोडी पुस्तके सांगतात. आईने केलेल्या विनवण्या, नर्मदेच्या घाटावर दोन ब्राह्मणांनी तिला धरून ठेवलेले असताना तिला झालेला अनावर शोक आणि नंतरचे तीन दिवसांचे अन्नत्यागपूर्वक मौन यांचे वर्णन माल्कम यांनी केले आहे. स्वतः सासऱ्याच्या शब्दाने वाचलेली आणि देशभर घाट बांधणारी राज्यकर्ती आपल्या मुलीला वाचवू शकली नाही. अहिल्याबाईंच्या चरित्रातील हा सर्वांत इतिहाससन्मुख प्रसंग होय. कारण व्यक्तीची सत्ता आणि रूढीची सत्ता यांतील अंतर तो दाखवतो. पुण्यश्लोक प्रतिमेच्या चौकटीत तो बसत नाही. २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांचे जन्मगाव चौंडी ज्या जिल्ह्यात आहे त्याला २०२४ मध्ये त्यांचे नाव मिळाले. स्मरणाच्या अशा काळातच प्रतिमेची चिकित्सा अधिक आवश्यक असते.

५

ताराबाईंचे उदाहरण या प्रकाराची मर्यादा सर्वांत स्पष्ट करते. १६७५ च्या सुमारास हंबीरराव मोहित्यांच्या घरी जन्मलेल्या ताराबाई डिसेंबर १७६१ मध्ये वारल्या. या सुमारे शहाऐंशी वर्षांपैकी बालचरित्रांना लागतात ती सात वर्षे. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि पंचविशीतील विधवेने लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी युद्ध चालू ठेवले. बादशहा एकेक किल्ला घेत होता आणि मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात उतरत होत्या. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मेला आणि पुस्तक संपले. शेवटचे चित्र ठरलेले असते. कोल्हापूरच्या ताराराणी चौकातील पुतळ्याप्रमाणे ते अश्वारूढ असते.

पुढचा इतिहास अडचणीचा आहे. सुटून आलेल्या शाहूंचा हक्क ताराबाईंनी नाकारला. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत त्यांचा पराभव झाला. त्यांनी पन्हाळ्यावर वेगळी गादी राखली. १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या पक्षाने त्यांनाच कैदेत टाकले. मुलगा अकाली गेला. उतारवयात त्या शाहूंच्या आश्रयाने साताऱ्यात राहिल्या. १७४९ मध्ये शाहू वारल्यावर ज्याला आपला नातू म्हणून पुढे आणले त्या रामराजाला १७५० मध्ये त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत ठेवले, नंतर तो आपला नातूच नव्हे असे सांगितले आणि पंचाहत्तरी उलटल्यावर नानासाहेब पेशव्यांना झुंजवले. पानिपतचा संहार झाला त्या वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

या आयुष्यात पराक्रम आहे, चुका आहेत, सत्तेची हाव आहे, अन्यायाची जाणीव आहे आणि सहा दशके न विझलेली जिद्द आहे. एखाद्या पुरुषाच्या आयुष्यात हे सारे असते तर त्याला मुत्सद्दी म्हटले गेले असते. सात वर्षांवर थांबणारे पुस्तक मुलाला दोन गोष्टी न सांगता शिकवते. एक, राणीचे राज्य हे पती गेल्यानंतर आणि मुलगा मोठा होईपर्यंतचे असते. खरा वारस आला की तिने पडद्याआड जावे. दोन, राणी तरुण असते. मराठी बालचित्रसृष्टीत म्हातारी राज्यकर्ती जवळजवळ नाही. वृद्ध स्त्री आहे ती जिजाबाईंच्या रूपात, पण तिचा अधिकारही मांडीवरच्या किंवा पायाशी बसलेल्या पुत्रामुळे सिद्ध होतो. १६२९ मध्ये देवगिरीला निजामशाही दरबारात पित्याची आणि भावांची हत्या झालेली स्त्री, पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहणारी स्त्री या जिजाबाई त्या चित्रात मागे राहतात.

६

मृत्यू हा या प्रकारातील सर्वांत सोयीचा शेवट आहे. लक्ष्मीबाई, गोंडवनाच्या दुर्गावती, अहमदनगरच्या चांदबिबी, चित्तोडच्या पद्मिनी यांच्या कथा तलवारीने किंवा अग्नीने संपतात. पण हे शेवट समान नाहीत. दुर्गावती १५६४ मध्ये मोगलांशी लढताना पडल्या. चांदबिबींनी १५९५-९६ च्या वेढ्यात खिंडार पडलेला तट रातोरात उभा करविला; १६०० मध्ये त्यांना मारले ते शत्रूने नव्हे, त्या मोगलांशी तहाची बोलणी करीत आहेत या संशयाने खवळलेल्या त्यांच्याच लोकांनी. दख्खनी चित्रकारांनी पुढे त्यांना हातावर ससाणा घेऊन शिकारीला निघालेली राणी म्हणून रंगविले. त्या लघुचित्रांतील निवांत, सत्तेत रमलेली स्त्री बालपुस्तकांनी घेतली नाही, तटावरची घेतली. पद्मिनीची गोष्ट तर वेगळ्याच कोटीतील आहे. अलाउद्दीनने चित्तोड घेतले १३०३ मध्ये. त्या मोहिमेत उपस्थित असलेल्या अमीर खुसरोने पद्मिनीचा उल्लेख केलेला नाही. तिची कथा येते ती १५४० च्या सुमारास जायसीच्या काव्यात. चित्रकथेच्या पानावर मात्र पद्मिनी आणि लक्ष्मीबाई यांचे रेखाटन, रंग आणि निवेदनाचा सूर एकच असतो. त्यामुळे काव्यातील नायिका आणि इतिहासातील व्यक्ती यांत फरक करण्याचे कोणतेही साधन मुलाच्या हाती राहत नाही.

यात आणखी एक नैतिक प्रश्न गुंतलेला आहे. १९८७ मध्ये राजस्थानातील देवराळा येथे रूपकंवरचा मृत्यू झाला आणि त्यानंतर सतीच्या उदात्तीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा आला. अग्नीत प्रवेश करणाऱ्या स्त्रियांची ओळ तेजोवलयासह रंगविणारी चौकट मुलासमोर ठेवताना चित्र काय ‘सांगते’ हा प्रश्न त्यानंतर तरी केवळ सौंदर्याचा राहिलेला नाही. शब्दांत खेद व्यक्त करून चित्रात गौरव करता येतो आणि मूल चित्रच लक्षात ठेवते.

७

या विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. मुलांना प्रथम गोष्ट हवी असते, चिकित्सा नंतर. साध्या, ठळक प्रतिमेतून इतिहासाची गोडी लागली म्हणजे पुस्तकाचे काम झाले. या आक्षेपात तथ्य आहे. ‘अमर चित्र कथा’ वाचून इतिहासाकडे वळलेल्या वाचकांची संख्या लहान नसेल. ज्या घरात दुसरे पुस्तक नव्हते तेथे या पातळ पुस्तिकांनी रझिया, नूरजहाँ आणि अहिल्याबाई पोचविल्या, हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु गोष्ट आणि चिकित्सा यांत विरोध आहे हे गृहीत तपासण्यासारखे आहे. पडद्याआड बसून वकिलाशी वाद घालणारी राणी, मुलीच्या चितेपाशी धरून ठेवलेली राज्यकर्ती, नातवाला कोंडून ठेवणारी पंचाहत्तर वर्षांची आजी या गोष्टी रूढ प्रसंगांहून कमी नाट्यपूर्ण नाहीत. घरातले भांडण, वाटणी, मोठ्यांचा हट्ट आणि त्यांचे चुकणे हे मुलांच्या अनुभवाबाहेरचे नसते. त्यांना झेपणार नाही म्हणून जे वगळले जाते ते बहुधा मोठ्यांना झेपत नसते.

चित्राच्या माध्यमालाही ही जबाबदारी पेलणे अशक्य नाही. चित्रमालिका ही लेसिंगच्या एका क्षणाच्या अटीतून सुटलेली असते. एकाच व्यक्तीचे पंचविसावे आणि पंचाहत्तरावे वर्ष ती समोरासमोर ठेवू शकते. शिक्का, मोडी पत्र, खासगीच्या हिशेबाचा कागद, नकाशा ही स्वतःच दृश्ये आहेत. विष्णुभट किंवा माल्कम यांना चौकटीत पात्र म्हणून बसविले तर ‘हे कोणी पाहिले, कोणी लिहिले’ हा इतिहासाचा मूलभूत प्रश्न गोष्टीचाच भाग होतो. दंतकथेला वेगळी रेषा, वेगळा रंग देता येतो आणि तसे केल्याने तिची गोडी कमी होत नाही.

राणीची ओळख मुलांना का करून द्यायची, याचे उत्तर शेवटी या निवडींवर अवलंबून आहे. शौर्य, त्याग आणि वात्सल्य यांचे नमुने द्यायचे असतील तर घोडा, शिवपिंड आणि बाळ पुरेसे आहेत; त्यासाठी इतिहासाची गरजही नाही. स्त्रियांनी राज्य केले, निर्णय घेतले, त्यांत काही बरोबर ठरले आणि काही चुकले, हे सांगायचे असेल तर पुस्तक १७०७ मध्ये संपविता येणार नाही. त्याला पुढची चोपन्न वर्षे रंगवावी लागतील.